आगोटीतली 'तेहानू'

वरळी कोळीवाड्यातल्या बायकांना मी उर्सुला ले ग्विन यांची 'तेहानू' ही कादंबरी तोंडी सांगितली. पुस्तक इंग्रजी, ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकींची शाळा लवकर सुटलेली, त्यामुळे वाचून दाखवायचा प्रश्नच नव्हता. आदल्या रात्री दादरला घरी एक प्रकरण वाचायचं, वहीत मराठीत टिपणं काढायची, कुठे थांबायचं ते ठरवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाच्या खोलीत चटईवर बसून सांगायला लागायचं. हे सगळं आगोटीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या, घरोघर सुक्या म्हावऱ्याचे डबे उघडलेले. बाजारात बसणाऱ्या बायकांचं काम बंदीतही पुरतं थांबत नाही, पण पहाटे धक्क्यावर धावायची घाई कमी होते आणि जेवणानंतरचा एखादा तास आपला म्हणता येतो. तो तास त्यांनी गोष्टीला दिला.

परळच्या एका शाळेत मी ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता कोळीवाड्यातच संसार करणारी, मला म्हणाली, "बाई, आमच्या बायांना माहिती द्यायला पुष्कळ जण येतात. गोष्ट सांगायला कोणी येत नाही." तिचं खरं होतं. वस्तीतल्या बाईकडे कोणी गेलंच तर काहीतरी शिकवायला जातं. खातं कसं उघडायचं, आहार कसा ठेवायचा, अर्ज कुठे भरायचा. ती गरजेची कामं आहेतच. पण नुसती ऐकायची म्हणून, अनेक दिवस पुरणारी मोठी गोष्ट टीव्हीवरच्या मालिकेशिवाय तिच्या वाट्याला येत नाही. आयुष्यभर मी मुलांच्या हातात पुस्तकं दिली. ती मुलं ज्यांच्या कष्टावर शिकली त्या आयांसाठी काही करायचं राहिलं होतं, ते करायला मी वरळीला जाऊ लागले.

पहिली गोष्ट निवडली ती रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम'. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आलेली ही छोटी कथा. त्यातल्या देशात बायका सूर्याची उष्णता साठवून लढाई जिंकतात, राज्य चालवतात आणि पुरुष घरात पडद्याआड राहतात. बायकांना ती आवडली, दोन दुपारींत संपलीही. संपल्यावर एकीनं विचारलं, "मंग दर्यात कोण जातं?" दुसरी म्हणाली, "बाजार तर आताबी आपनच करतो." मासळी किनाऱ्याला लागली की तिचा व्यवहार कोळणीच्या हातात जातो. वाटा ती लावते, भाव ती सांगते, गल्ला तिच्या कनवटीला असतो. तिच्यासाठी बाईच्या हाती कारभार येणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. आणि भर बाजारात चार माणसांना गप्प करणारी बाई रात्री घरी मार खाऊ शकते, हेही त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सत्ता हाती आल्यावरही जे दुखतं त्याचं काय, एवढं ती कथा सांगत नाही. ते सांगणारी कादंबरी मला माहीत होती.

ले ग्विन यांनी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ साली लिहिली. सगळं जग बेटांचं, माणसं होड्यांवर जगणारी, आणि गेड नावाचा एक गरीब मुलगा मोठा जादूगार होतो. १९७१ आणि १९७२ मध्ये पुढचे दोन भाग आले. मग अठरा वर्षं काही नाही. १९९० साली 'तेहानू' आली तेव्हा लेखिका साठीच्या उंबरठ्यावर होत्या. पहिल्या भागांतल्या जगात जादूची शाळा फक्त मुलग्यांसाठी, बायकांची जादू हलकी आणि वाईट अशी म्हणच पडलेली. ते जग लेखिकेनं स्वतःच उभारलं होतं. परत येऊन त्यांनी त्याचे नियम मोडले नाहीत. कथा सांगणारी नजर तेवढी तिथून हलवून शेतावरच्या एका मध्यमवयीन विधवेकडे दिली. स्वयंपाकघर, बकऱ्या, धुणं, आजारी माणसं आणि त्यांच्या मधोमध ड्रॅगन. लेखकानं आपल्याच गाजलेल्या जगाकडे इतक्या धीटपणे पुन्हा बघितल्याचं उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही.

आपल्याकडे कादंबरी सुरू झाली तेव्हाच बाईचं वास्तव आणि अद्भुत अशा दोन वाटा फुटल्या होत्या. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, ती विधवांच्या दुःखाची. मग १८६१ मध्ये हळब्यांची 'मुक्तामाला' आणि १८६८ मध्ये रिसबुडांची 'मंजुघोषा' या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या. बाईचं दुखणं वास्तववादाकडे गेलं आणि अद्भुतात ती सुंदर, सोशिक, संकटात सापडणारी नायिका म्हणून उरली. नाथमाधवांच्या 'वीरधवल'वर पिढ्या पोसल्या, त्यातही पराक्रम पुरुषाचा. पण हे छापील पुस्तकांपुरतं. बायकांचं स्वतःचं अद्भुत व्रतांच्या कहाण्यांत आणि जात्यावरच्या ओव्यांत चालूच होतं. दुर्गाबाई भागवत आणि ताराबाई भवाळकर यांनी आयुष्य घालून ते आपल्याला वाचायला शिकवलं. ताराबाई २०२५ साली दिल्लीच्या अठ्ठ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला तो यासाठीच. कोळीवाड्यात बसून मी अमेरिकेतली कादंबरी सांगत असले तरी ऐकणाऱ्यांचे कान त्या जुन्या कहाण्यांवर तयार झालेले होते, आणि त्याचा प्रत्यय मला पुढे आला.

हल्ली मुलींसाठी ज्या अद्भुत कादंबऱ्या येतात त्यांत बहुधा नायिकेच्या हातात तलवार येते. ती निवडलेली असते, तिच्या रक्तात काही वेगळं असतं, शेवटी ती जिंकते. मला त्या फारशा पटत नाहीत. पुरुषाचा जुना पराक्रम बाईच्या अंगावर चढवला की ती सबळ झाली असं मानणं फार उथळ आहे. 'तेहानू'मधली टेनार तलवार उचलत नाही. लहानपणी तिला आईपासून तोडून एका अंधाऱ्या देवस्थानाची पुजारीण केलेलं, तिचं नावही काढून घेतलेलं. तिथून ती सुटते, विद्या शिकण्याची संधी मिळते, पण ती सोडून साध्या शेतकऱ्याशी लग्न करते. मुलं मोठी होऊन जातात, नवरा मरतो. आणि मग ती कोण उरते, इथून कादंबरी सुरू होते.

तिची तीन नावं ऐकून खोलीत हालचाल झाली. पुजारीण म्हणून एक, आईनं ठेवलेलं एक, सासरच्या गावात पडलेलं एक. प्रत्येकीचं लग्नात नाव बदललेलं. एक मावशी म्हणाल्या, आता जुन्या नावानं हाक मारणारा एक भाऊ तेवढा राहिलाय, तो गेला की ते नाव गेलं. त्या दिवशी जाताना जिने तिने आपलं माहेरचं नाव सांगितलं. मी ती नावं वहीत लिहून घेतली आणि पुढच्या वेळेपासून हजेरी त्याच नावांनी घेऊ लागले.

या बायका रिकाम्या हातांनी कधी ऐकत नाहीत. कोणी सोडे निवडतंय, कोणी जवळ्यातला केर काढतंय, कोणाच्या मांडीवर नातू. हात चालू असले की कान जास्त उघडे असतात हे मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं, कारण शाळेत आम्ही मुलांचे हात बांधायला लावायचो. रोज सुरुवातीला मागची गोष्ट त्यांच्यापैकी एकीनं सांगायची असं आम्ही ठरवलं. ते सांगणं कोळी बोलीत व्हायचं आणि माझ्या सांगण्यापेक्षा कितीतरी जिवंत असायचं. काय राहतं आणि काय गळतं ते पाहणं हा माझ्यासाठी या कामातला सगळ्यांत मोलाचा भाग झाला. राजाच्या जहाजाचं वर्णन गळायचं. मंत्रतंत्र दोन वाक्यांत उरकायचे. टेनारनं काय रांधलं, कोणाला आधी वाढलं, मुलीला कुठे निजवलं, दाराला कडी होती का, हे मात्र मी सांगितलं त्याहून बारकाईनं यायचं. मी न सांगितलेलं भांडंसुद्धा त्या चुलीवर चढलेलं असायचं.

जादूचं म्हणाल तर ती त्यांना जराही परकी वाटली नाही. गोलफादेवीचं देऊळ कोळीवाड्याच्या टेकडीवर आहे. लग्न जुळवायचं, होडी घ्यायची, मोठं काही ठरवायचं तर देवीला कौल लावायचा, ही तिथली रीत. देवी उत्तर देते आणि नवस बोललात तर तो फेडून घेते, हा हिशेब बायकांच्या अंगात मुरलेला आहे. अर्थसीमध्येही जादूला किंमत असते. इथे पाऊस पाडला तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो, म्हणून जाणता जादूगार फुकट काही करत नाही. हे सांगितल्यावर कोणी आश्चर्य केलं नाही. पण तिथल्या जहाजांवर वारा वळवणारे जादूगार पगारी ठेवतात हे ऐकल्यावर त्यांनी मला त्यावर बराच वेळ अडवून धरलं. एका होडीवर एक की चार होड्यांत मिळून एक? मासळीत त्याचा वाटा असतो की रोकडा? वादळ आलंच तर जबाबदारी कोणाची? पुस्तकात याची उत्तरं नाहीत. तिथे बसलेल्या सगळ्यांत थोरल्या आजींनी निकाल दिला, की वाटाच असणार, कारण रोकडा घेणारा वाऱ्यात जीव घालणार नाही.

आता टेनार सांभाळते त्या पोरीबद्दल. थेरू सात-आठ वर्षांची आहे. तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि मेली समजून आगीत टाकलं. अर्धा चेहरा जळाला, एक डोळा गेला, उजव्या हाताची बोटं जळून एकमेकांना चिकटली. टेनार तिला घरी आणते. हे कसं सांगावं याचा मी बराच विचार केला होता. ज्या शहरात मी वाढले तिथल्या वर्तमानपत्रांत 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली' ही बातमी एके काळी नित्याची होती. १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८अ कलम आलं त्यामागे अशाच मरणांचा आणि त्याविरुद्ध रस्त्यावर आलेल्या बायकांचा रेटा होता. कोळीवाड्यातल्या त्या खोलीत प्रत्येकीला अशी एखादी तरी माहीत असणार. मी काही झाकलं नाही आणि रंगवलंही नाही. पुस्तकात आहे तेवढंच सांगितलं.

आमच्यात एक चाळिशीची बाई यायची. पदर कायम गळ्याभोवती घट्ट, भर उकाड्यातही. ती मागे भिंतीला टेकून बसायची, कधी बोलायची नाही. थेरूचा हात सांगून झाला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "ताई, त्या पोरीचा हात ओढतो काय गो?"

मला प्रश्न लगेच कळला नाही. तिनं पदर थोडा सैल केला आणि मान डावीकडे वळवून दाखवली. कानाखालपासून खांद्यापर्यंत कातडी चकाकत होती आणि मान एका जागेपलीकडे वळत नव्हती. "असा ओढतो," ती म्हणाली. "थंडीत जास्त. रोज तेल लावून तानायला लागतं, नायतर आखडतं. तिला कोन लावतं तेल?"

मी सांगितलं, टेनार तिला सांभाळते, शेजारची मॉस मावशी आहे, तीही करते. तिनं मान हलवली आणि पुढे कितीतरी दिवस तिचा एकच प्रश्न असायचा: आज हाताचं काही सांगितलंय का? पुस्तकात रोज रोज हाताचं नसतं. पण तिच्या प्रश्नामुळे मी ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि आधी माझ्या नजरेतून सुटलेल्या जागा दिसायला लागल्या. थेरूला काम शिकवणं, तिच्यासाठी कपडा शिवणं, पीचची कोय तिच्या हातानं मातीत लावणं, कोणी बघेल म्हणून ती लपते तेव्हा तिला ओढून बाहेर न काढणं. त्या जखमा शेवटपर्यंत भरून निघत नाहीत. चेहरा चेहऱ्यासारखा होत नाही. इतक्या मोठ्या जादूच्या जगात त्या मुलीला बरं करणारी जादू कोणाकडेच नाही, आणि लेखिका ती आणतही नाहीत. बायकांना हे फार पटलं. कुणीतरी येऊन हात फिरवला आणि पोरगी गोरीगोमटी झाली असं असतं तर त्या गोष्ट सोडून उठल्या असत्या असं मला वाटतं.

सर्वांत जास्त बोलणं मात्र थेरूवर झालं नाही, टेनारवरही नाही. ते झालं गेडवर. बाईच्या बळाची गोष्ट म्हणून मी जी निवडली होती तिच्यात बायकांनी बोट ठेवलं ते एका पुरुषावर.

गेड हा त्या जगातला सर्वांत मोठा जादूगार. 'तेहानू'मध्ये तो ड्रॅगनच्या पाठीवरून येतो तो अर्धमेला. जगाचं मोठं संकट टाळताना त्याची सगळी विद्या खर्च झालेली. टेनार त्याची शुश्रूषा करते. तो जगतो, पण आता तो कोणीच नाही. राजाची माणसं त्याला मानानं न्यायला येतात तेव्हा तो लपून बसतो. तोंड कसं दाखवू, हे एकच. टेनारला त्याची दया येते आणि रागही येतो. आग सोसलेलं पोर रोज उठून जगतंय आणि हा स्वतःच्या गेलेल्या मोठेपणाचं सुतक धरून बसलाय.

हे सांगत होते तेव्हा सोडे निवडणारे हात थांबले. मग एक जण बोलली, मग दुसरी, मग सगळ्या.

या वस्तीसमोरच्या समुद्राचं गेल्या वीस वर्षांत काय झालं ते मुंबईकरांना वरवर माहीत आहे. २००९ मध्ये सी लिंक झाला. मग कोस्टल रोड आला. किनाऱ्याला भराव पडला. खडकांतली कालवं, शेवंडं, चिंबोऱ्या मिळायच्या त्या जागा गेल्या, असं कोळी सांगतात. क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर काढायच्या तिथेच पुलाचे खांब येणार होते. दोन खांबांतलं अंतर ६० मीटर. त्यातून उधाणात, वाऱ्यात होडी न्यायची म्हणजे खांबावर आपटायची भीती. मच्छीमारांनी होड्या घेऊन काम अडवलं, मोर्चे काढले, दीर्घ लढा दिला, आणि शेवटी अंतर १२० मीटर करण्याचं मान्य झालं. त्यांनी मागितलं होतं त्याहून ते कमीच, पण मिळालं ते लढून मिळालं. मार्च २०२० च्या अखेरीस करोनामुळे मुंबईत जे भाग सर्वांत आधी बंद झाले त्यांत वरळी कोळीवाडा होता. गल्ल्यांच्या तोंडाशी अडथळे, बाजार बंद, होड्या बांधलेल्या. या सगळ्यात काही घरांतल्या होड्या विकल्या गेल्या.

होडी विकली की पुरुषाचं काय होतं, हे त्या सांगत होत्या. एकीचा नवरा आता एका टॉवरच्या गेटवर रखवालदारी करतो. निळा गणवेश घालून तो गल्लीतून जायला लाजतो म्हणून कपडे पिशवीत नेतो आणि तिथे बदलतो. दुसरीचा घरीच असतो. "दिवसभर खिडकीत बसून पानी बघतो. बोलत नाय. मी बाजारातून येते तर चहाबी घेत नाय माझ्या हातचा." तिसरीचा प्यायला लागला. चौथी म्हणाली, आमच्या यांनी कधी हात उचलला नव्हता, होडी गेल्यावर उचलला. याच घरांतून बायका रोज पहाटे उठून दुसऱ्यांच्या होडीची मासळी विकत घेतात, बर्फ घालतात, पाटी उचलतात, दादरला, लालबागला, प्रभादेवीला जाऊन बसतात. घर त्या चालवतात. पण नवऱ्याचं गेलेलं बळ घरात जिथे तिथे अडखळायला होतं आणि त्याच्याशी काय करायचं ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही. सगळी व्याख्यानं बाईनं सबळ कसं व्हावं यावर असतात. ज्याचं बळ गेलंय अशा माणसाबरोबर स्वतःला न पुसता कसं राहायचं, हा त्यांचा खरा प्रश्न होता. आणि त्या पुस्तकात तो होता. ले ग्विन यांनी गेडला विद्या परत दिली नाही. तो डोंगरावर बकऱ्या राखायला जातो, हिवाळ्याच्या सुरुवातीला परत येतो, टेनारच्या घरावर माणसं चालून येतात तेव्हा गवत उचलायचा दाताळा घेऊन उभा राहतो. नंतर तिच्याच घरात राहतो, काम करतो. आता तो घाबरतो, थकतो आणि पहिल्यांदा कोणावर तरी साधं प्रेम करतो.

"ताट उचलतो का पन?" हा प्रश्न आला तो टेनारच्या मुलामुळे. स्पार्क नावाचा हा मुलगा बऱ्याच वर्षांनी दर्यावरून घरी येतो. कायद्यानं शेत त्याचं, म्हणून येताच मालक होतो. जेवतो आणि ताट तिथेच ठेवून उठतो. टेनारला वाटतं, इतकं सगळं शिकले मी, आणि आपल्याच मुलाला हे शिकवू शकले नाही. खोलीत यावर जे काही बोललं गेलं त्यात मुलग्यांच्या आया होत्या आणि त्यांच्या सुनाही होत्या, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. गेड ताट उचलतो, हे मी सांगितलं तेव्हा खिडकीत बसणाऱ्याची बायको म्हणाली, "हे त्याला घरी जाऊन सांगते. जादूगार व्हता, तरी उचलतो."

पुस्तकात एक म्हातारी आहे, किमे नावाच्या मासेमारी गावातली. एक जुना जाणता तिला भेटायला जातो. ती दार उघडते आणि क्षणभर त्याला दारात ड्रॅगन दिसतो, सोन्याच्या खवल्यांचा, मग पुन्हा म्हातारी. ती त्याला सांगते की पूर्वी माणसं आणि ड्रॅगन एकच होते. पुढे एका विणकराच्या घरी एक पंखा येतो. एका बाजूला माणसांची चित्रं, दुसऱ्या बाजूला ड्रॅगनांची. उजेडापुढे धरला की दोन्ही एकातून एक दिसतात. मी घरून एक पातळ कागद नेला होता. एका बाजूला पाटी घेतलेली बाई काढली आणि दुसऱ्या बाजूला पंख. चित्र काही बरं नव्हतं, पण खिडकीपाशी धरल्यावर बाईच्या खांद्याला पंख आले. तो कागद हातोहात फिरला. थोरल्या आजींनी तो बराच वेळ धरून ठेवला. कोळीण म्हणजे ड्रॅगन, यात त्यांना सांगण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, ते त्या जाणत्याला एवढ्या उशिरा का कळलं.

शेवटावर मात्र भांडण झालं. तिथे एस्पेन नावाचा दुष्ट जादूगार टेनारची बुद्धी बांधतो, तिला कुत्र्यासारखी रांगायला लावतो, गेडलाही धरतो. दोघांना कड्यावरून ढकलणार, तेवढ्यात थेरू कड्याशी जाऊन ड्रॅगनला हाक मारते, कोणी न शिकवलेल्या भाषेत. कलेसिन नावाचा तो ड्रॅगन येतो, शत्रूंना जाळतो आणि त्या पोरीला तिचं खरं नाव देतो, तेहानू. ती त्याचीच लेक निघते.

बाजारात बसणाऱ्या तरण्या बायकांना हे आवडलं नाही. एवढं सगळं टेनारनं केलं, मग शेवटी वरून कोणी का यावं? तिनं स्वतः सुटायला हवं होतं. त्यांचा राग रास्त होता आणि मी तो खोडला नाही. मलाही पहिल्या वाचनात असंच काहीसं वाटलं होतं. उत्तर दिलं ते आजींनी. श्रावण तोंडावर आला होता. त्या म्हणाल्या, ही नागोबाची कहाणी हाय. नागपंचमीच्या कहाणीत एका सुनेला माहेर नसतं, सगळ्या सुना माहेरी जातात, ती एकटी राहते. नाग तिचा मामा होऊन येतो आणि तिला माहेरी घेऊन जातो. "वरून कोन आला नाय. पोरीनं माहेरचं मानूस बोलावलं. आपल्याला कोन हाय हे तिला ठाव नव्हतं, ते तिला कळलं." मग थोड्या थांबून म्हणाल्या, "आनि आई मरायला टेकली म्हणून कळलं. टेनारनं सांभाळली नसती तर हाक कोन मारनार?"

कोणाचं पूर्ण समाधान झालं नाही. तरण्या आपल्या मतावर राहिल्या. मला आजींचं पटलं, कारण त्या एका वाक्यात थेरूनं मारलेली हाक आणि टेनारनं रोज केलेलं काम त्यांनी एकत्र बांधलं. इंग्रजी समीक्षेत 'तेहानू'च्या शेवटावर पुष्कळ वाद आहे. नागपंचमीच्या बाजूनं त्याकडे कोणी पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

मानेवर भाजलेली बाई शेवटच्या दिवशी मागची गोष्ट सांगायला स्वतःहून पुढे आली. तिनं थेरूचंच सांगितलं आणि माझ्या टिपणांत नसलेलं एक काम टेनारला नेमून दिलं: रोज निजताना तेल, मग बोटं एकेक करून ताणायची, पोर रडली तरी ताणायची. ते कसं करायचं ते तिनं शेजारणीचा हात घेऊन सगळ्यांना दाखवलं. अंगठ्यापासून सुरू करायचं, करंगळीला सर्वांत शेवटी यायचं, सांधा दुखला की थांबायचं आणि पुन्हा करायचं.

आता होड्या दर्यात गेल्यात. रोजचा तास संपला, वर्ग आठवड्यातून एकदा, गुरुवारी, कारण त्या दिवशी बाजार मंदा असतो. टेनार त्या अंधाऱ्या देवळातून सुटली कशी ते त्यांना सुरुवातीपासून हवं आहे, म्हणून १९७१ चं 'द टूम्स ऑफ आतुआन' घेतलं आहे. सांगायला ते अवघड आहे. अर्धं पुस्तक जमिनीखालच्या भुयारांत घडतं, दिवा लावायला मनाई, टेनार हातानं भिंती चाचपत वळणं मोजते. बोलणं कमी, माणसं कमी, चूल तर नाहीच. या बायकांना चुलीशिवाय गोष्ट कशी धरून ठेवेल, यावर सध्या माझं काम चाललं आहे. येत्या गुरुवारी लहान टेनारला आईच्या घरातून नेतात ते प्रकरण सांगायचं आहे, आणि आजींनी सगळ्यांना आपापल्या सुना घेऊन यायला बजावलं आहे.